चार चतकोर आणि साडेचारशे घोडे

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नवीन गाडी घेतली की ती आधी देवाला न्यायची पद्धत आहे. कुणी अंबाबाईला नेतं, कुणी जोतिबाला आणि पुष्कळजण नरसोबाच्या वाडीला. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि मग पेढे नि कवठाची बर्फी. या रांगेत एखादी चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार आली की पोरं भोवती गोळा होतात. प्रश्न ठरलेले : किती पळते? किती सिलिंडर? अ‍ॅव्हरेज किती देते? लिंबू ठेवायला माणूस ज्याच्यासमोर वाकतो, तो टायर कोणता घातलाय, हे मात्र कुणीच विचारत नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. जोराच्या गाडीला ग्रिपचा टायर कसा निवडायचा? माझं उत्तर आधीच सांगून टाकते, पुढे फक्त सिद्ध करायचं आहे. सगळ्यात चिकट टायर म्हणजे सगळ्यात चांगला टायर, असं नाही. आपल्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट किलोमीटरवर जो गाडी धरून ठेवतो, तो खरा ग्रिपचा टायर.

आता तुम्ही म्हणाल, हॉस्टेलच्या मेसचं बिल भरताना आमची दमछाक होते, आम्हाला स्पोर्ट्स कारशी काय देणंघेणं? बरोबर आहे. पण हे गणित तुमच्या बाइकलाही जसंच्या तसं लागू पडतं. शिवाय फर्स्ट इयरला घर्षणाचं जे प्रकरण आपण पाठ करून विसरलो, ते इथं पुन्हा भेटतं.

टायर रस्त्याला टेकतो किती?

समजा गाडीचं वजन १५०० किलो आहे आणि ते चारही चाकांवर सारखं वाटलंय. म्हणजे एका चाकावर ३७५ किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. ३७५ भागिले २.२५, उत्तर येतं सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर. साइडवॉलचा ताठरपणा धरला तर आकडा थोडा बदलेल, पण अंदाज हाच.

१६७ चौरस सेंटिमीटर म्हणजे केवढं? एकोणतीस सेंटिमीटर व्यासाची मोठी भाकरी घ्या आणि तिचा चतकोर मोडा. बस्स, तेवढाच. करोडोंची गाडी असो की बापाची जुनी मारुती, प्रत्येक चाक रस्त्याला चतकोरभरच टेकतं. पळणं, वळणं आणि थांबणं, तिन्ही कामं त्या चार चतकोरांनीच करायची असतात.

इथं एक गैरसमज दूर करूया. रुंद टायर घातला की जास्त रबर रस्त्याला टेकतो, असं सगळे म्हणतात. हवा आणि वजन तेच असेल तर क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच राहतं, बदलतो तो आकार. ठसा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. असा टायर वळणावर कमी मुरगळतो आणि त्याची उष्णता जास्त रबरात वाटली जाते, म्हणून कोरड्या रस्त्यावर तो चांगला. पण पाण्यात हाच रुंदपणा अंगाशी येतो. ते पुढे बघू.

रबर धरतो कसा?

मेकॅनिक्सच्या सरांची माफी मागून सांगते, आपल्या पुस्तकातला घर्षणाचा नियम रबराला नीट लागू होत नाही. पुस्तक म्हणतं, घर्षणांक हा वजनावर अवलंबून नसतो. रबराच्या बाबतीत वजन दुप्पट केलं की पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. म्हणून वळणावर गाडी एका बाजूला कलली की बाहेरच्या चाकांना जे मिळतं ते आतल्या चाकांनी गमावलेल्यापेक्षा कमी असतं. स्पोर्ट्स कार बुटकी आणि रुंद का करतात, याचं एक उत्तर इथं आहे.

रबर दोन प्रकारे धरतो. एक, तो डांबराला अगदी बारीक पातळीवर चिकटतो. दोन, तो खडीच्या टोकांवर दबून रुततो, आणि परत मूळ आकारात येताना वेळ लावतो. या आळशीपणातूनच दुसरी पकड मिळते. ओल्या रस्त्यावर मधे पाण्याचा पडदा येतो, चिकटणं कमी होतं आणि सगळी भिस्त रुतण्यावर येते. म्हणून पावसात खडबडीत रस्ता चांगला आणि चकचकीत झालेला जुना रस्ता वाईट.

रबराला तापमानही लागतं. गार पडला की तो कडक होतो. उन्हाळी टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक पडू लागतात, म्हणून युरोपात थंडीसाठी वेगळे टायर घालतात. आपल्या शिरोळ तालुक्यात थंडीतली पहाटसुद्धा सहसा तिथवर उतरत नाही. तेव्हा विंटर टायरचा विषय आपण इथंच मिटवूया.

ओल्यातली पकड सुधारली ती सिलिकामुळे. पूर्वी रबरात बळकटीसाठी मुख्यतः कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी घालत. १९९० च्या दशकात मिशेलिनने आणि मग इतरांनी काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली. त्यामुळे टायर ओल्यात जास्त धरू लागला आणि इंधनही कमी खाऊ लागला.

इंजिन विरुद्ध चतकोर

आता साडेचारशे घोड्यांचं गणित. ४५० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३३१ किलोवॅट. गिअरबॉक्स वगैरेत १५ टक्के गेले असं धरलं तर चाकांपर्यंत पोचतात सुमारे २८० किलोवॅट. गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह आहे आणि जोरात पळताना ६० टक्के वजन मागच्या चाकांवर आहे असं धरा, म्हणजे ९०० किलो.

कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणांक १ धरला तर मागची चाकं जास्तीत जास्त सुमारे ८८०० न्यूटन जोर रस्त्याला देऊ शकतात. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ताशी १०० किलोमीटरला इंजिन देऊ पाहतं सुमारे १०,१०० न्यूटन. म्हणजे इंजिन जिंकलं, टायर हरला! गिअर बरोबर असेल तर ताशी सुमारे ११४ किलोमीटरपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकं जागेवर फिरू शकतात.

आता पाऊस पडला, घर्षणांक ०.६ वर आला. टायरची मर्यादा ५३०० न्यूटन. तीच मर्यादा आता ताशी १९० किलोमीटरपर्यंत जाते! याचा अर्थ, आपण ज्या ज्या वेगाने कायद्याने जाऊ शकतो, त्या प्रत्येक वेगाला उजव्या पायाची एक चूक मागची चाकं सोडवू शकते. आपल्या ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरच्या गाडीला हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिच्या इंजिनात तेवढा दमच नसतो. टायरकडे दुर्लक्ष करायची चैन लहान गाडीला थोडीफार परवडते, मोठ्या गाडीला नाही.

'ट्रॅक्शन कंट्रोल आहे की!' असं कुणीतरी म्हणणारच. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस पकड तयार करत नाहीत. आहे तेवढी पकड वाया जाऊ देत नाहीत, एवढंच. बँकेत पैसेच नसतील तर एटीएम काय करणार?

थांबण्याचं गणित

पळण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं. सूत्र सगळ्यांना माहीत आहे : अंतर म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले २ गुणिले घर्षणांक गुणिले ९.८१. ताशी १०० किलोमीटरवरून ब्रेक मारला तर :

घर्षणांक १.० (कोरडा रस्ता, उत्तम टायर) : ३९ मीटर
घर्षणांक ०.७ (ओला रस्ता, चांगला टायर) : ५६ मीटर
घर्षणांक ०.५ (ओला रस्ता, झिजलेला टायर) : ७९ मीटर
घर्षणांक ०.३ (ओला चिखल) : १३१ मीटर

घर्षणांक समजायला सोपे धरले आहेत. पण मधल्या दोन ओळी पुन्हा वाचा. गाडी तीच, ब्रेक तेच, पाऊस तोच, फक्त टायर वेगळा. चांगल्या टायरची गाडी ५६ मीटरवर पूर्ण थांबली, त्याच जागी झिजलेल्या टायरची गाडी अजून ताशी ५३ किलोमीटर वेगात आहे. पुढे उसाची ट्रॉली उभी असेल तर या ५३ चा अर्थ काय होतो, ते सांगायची गरज नाही. आणि यात ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवायला लागणारा एक सेकंद धरलेलाच नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी २८ मीटर गेलेली असते.

पाणी कापायचं की पाण्यावर तरंगायचं?

२४५ मिलिमीटर रुंद टायर ताशी १०० किलोमीटरने ३ मिलिमीटर पाण्यातून चाललाय. त्याला सेकंदाला किती पाणी बाजूला सारावं लागेल? रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, उत्तर सुमारे २० लिटर. म्हणजे आपल्या आंघोळीची मोठी बादली, दर सेकंदाला एक, प्रत्येक पुढच्या चाकाला! हे काम टायरवरच्या नक्षीतल्या खाचा करतात. त्यांना जमलं नाही तर टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानाच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक सोपं सूत्र काढलं गेलं. पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर टायर ज्या वेगाला तरंगतो तो वेग ताशी किलोमीटरमध्ये म्हणजे १६.७ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. ३२ पीएसआयला उत्तर येतं ९४. हवा २४ वर आली तर ८२. म्हणजे 'थोडी हवा कमी ठेव, ग्रिप वाढते' हा कट्ट्यावरचा सल्ला पावसात उलटा पडतो. हे विमानाचं सूत्र आहे. कारच्या रुंद टायरला तर याहून कमी वेगातही तरंगायला होऊ शकतं, कारण पाण्याला बाजूला पळायला जास्त अंतर काटावं लागतं.

नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे कारला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर हवी. कायदा १.६ म्हणतो, पण ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावरच ओल्यातलं ब्रेकिंग झपाट्याने बिघडायला लागतं. जोराच्या गाडीने १.६ ची वाट बघू नये.

बाजारात काय काय मिळतं?

जोराच्या गाडीसाठी साधारण तीन जाती.

पहिली, ट्रॅकचे सेमी-स्लिक टायर. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेलीचा पी झिरो ट्रोफिओ आर या जातीतले. रबर मऊ, खाचा कमी. पूर्ण पकड यायला हे टायर चांगले तापावे लागतात, ऐंशी अंशांच्या आसपास किंवा पुढे. ट्रॅकवर दोन-तीन लॅपमध्ये तापतात. जयसिंगपूरच्या सिग्नलला थांबत थांबत तापत नाहीत! आणि साचलेल्या पाण्यात तर यांची पाचावर धारण बसते.

दुसरी, रस्त्याचे अल्ट्रा-हाय परफॉर्मन्स उन्हाळी टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट ही उदाहरणं. सिलिकाचं रबर, मधे पाणी काढणाऱ्या उभ्या रुंद खाचा, बाहेरच्या खांद्यावर वळणासाठी भरीव ठोकळे. 'उन्हाळी' या नावावर जाऊ नका, आपला पावसाळा युरोपच्या उन्हाळ्याइतकाच, किंबहुना त्याहून गरम असतो.

तिसरी, टूरिंग टायर. टिकतात जास्त, आवाज कमी, पण साडेचारशे घोड्यांपुढे हे लवकर हात टेकतात.

ट्रॅकचं आकर्षण आपल्याकडे जुनं आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला-३ मालिकेत उतरला होता. नाद खुळाच! पण कार्टला कोरड्यात खाचा नसलेले स्लिक टायर लावतात आणि पाऊस आला की ते काढून वेगळे टायर चढवतात. रेसिंगवाल्यांकडून शिकायचं असेल तर हे शिकावं : ते चिकट टायर लावत नाहीत, त्या दिवसाचा टायर लावतात. आपण शिरोळजवळ पाऊस आला म्हणून टायर बदलू शकत नाही. म्हणून आपल्याला असा एकच टायर हवा जो वाईट दिवशीही चालेल.

टायरची निवड चुकली तर काय होतं, ते १९ जून २००५ ला सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत एका तिरक्या, उंच बांधलेल्या वेगवान वळणावर मिशेलिनच्या टायरना भार सोसेना. सरावातच टायर निकामी होऊन अपघात झाला. शर्यतीच्या दिवशी मिशेलिनच्या चौदाही गाड्या फॉर्मेशन लॅप संपवून सरळ पिटमध्ये निघून गेल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा गाड्या. त्यात जॉर्डन टीमचा आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि भारतीय ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये पहिले गुण मिळाले. मिशेलिनचे टायर त्या मोसमात इतर ट्रॅकवर शर्यती जिंकत होते. फक्त त्या एका वळणासाठी ते बनलेले नव्हते.

टायर वाचायचा कसा?

आता लिंबू ठेवायला वाकलाच आहात तर साइडवॉल वाचून घ्या. समजा लिहिलंय २४५/४० झेडआर १८ ९७ वाय. २४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के. आर म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ९७ हा भारांक, म्हणजे एका टायरला ७३० किलोपर्यंत. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा टायर. डब्ल्यू असेल तर २७०, व्ही असेल तर २४०. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या भारांकाच्या आणि वेगाच्या अक्षराच्या खाली कधीही उतरू नये.

ट्रेडवेअरचा आकडाही असतो. पायलट स्पोर्ट ४ एस वर ३००, कप २ वर १८०. आकडा जितका लहान, तितका टायर लवकर झिजणारा. पण ही चाचणी कंपनी स्वतःच करते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० सारखेच असं धरू नये. ट्रॅक्शनचं अक्षर एए, ए, बी, सी असं उतरत जातं. ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारून ठरवतात, वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे चार आकडे मात्र एका छोट्या लांबट चौकटीत असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. स्पोर्ट्स कारच्या मालकाने हे नक्की बघावं. अशी गाडी वर्षातून दोन-तीन हजार किलोमीटर चालते, बाकी वेळ कव्हरखाली. सात-आठ वर्षांनीही नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारा होऊन कडक झालेला असतो. वरून तरणा, आतून निवृत्त! जून २०२० मध्ये सरकारने गाड्यांच्या नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले होते. मोठ्या गाड्यांची बरीच मापं बाहेरून येणारी, त्यामुळे दुकानदाराने जुना माल पुढे केला तर तारीख वाचता आली पाहिजे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने एआयएस-१४२ या मानकाखाली ओल्यातली पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांच्या किमान अटी टायरना लागू करण्याची अधिसूचना काढली. हे चांगलंच झालं. पण ती पास होण्याची रेघ आहे, डिस्टिंक्शनची नाही.

आणखी एक. दोनच नवीन टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरगर फिरते. आणि एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या जातीचे टायर कधीच नकोत.

वाडीच्या वाटेवरचा वाईट किलोमीटर

आता हे सगळं आपल्या वाटेवर ठेवून बघा. कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी. मे महिन्यात हा रस्ता कोरडा आणि तापलेला असतो, तेव्हा कुठलाही बरा टायर चालतो. गळीत हंगामात शिरोळच्या दत्त कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती रस्त्यावर येते. तिच्यावर अवकाळी पाऊस पडला की डांबरावर लोण्यासारखा थर तयार होतो. वर दिलेली १३१ मीटरची ओळ हीच. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते.

आणि मग दक्षिणद्वार. कृष्णा-पंचगंगेचं पाणी वाढत वाढत उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात. म्हणजे वाडीच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी नेमकी त्याच दिवशी होते, ज्या दिवशी रस्ता सगळ्यात ओला असतो. या वाटेला टायर निवडायचा तर तो त्या दिवसासाठी निवडायला हवा. दुसऱ्या जातीतला, पुरेशी नक्षी असलेला, तारखेने ताजा, आणि गाडीच्या दारावर लिहिलेली हवा थंड असताना भरलेला.

एक हद्द मात्र कुठलाच टायर ओलांडत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या भागातले रस्तेच्या रस्ते पाण्याखाली गेले. रस्ता दिसत नसेल तिथं ग्रिपचा प्रश्न संपतो आणि शहाणपणाचा सुरू होतो. गाडी वळवायची.

हॉस्टेलच्या बाइकवाल्यांना शेवटी एकच काम सांगते. एक रुपयाचं नाणं घ्या, टायरच्या खाचेत उभं धरा, किती आत गेलं तिथं नखाने खूण करा आणि वर्कशॉपमधल्या व्हर्निअरने तेवढं अंतर मोजा. व्हर्निअर सबमिशनच्या आदल्या रात्रीच हातात घ्यायचा असतो, असा काही नियम नाही. दुचाकीला कायद्याने ०.८ मिलिमीटर हवी, पण पावसाळ्यात वाडीला जाणार असाल तर दोनच्या खाली गेलेला टायर बदला. बाइकला चतकोर चार नसतात, दोनच असतात.